संगणक खोलीतला फोटो

मंडळी, आज शाळेतून मान खाली घालून घरी आलो.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका सरकारी शाळेत मास्तर आहे. आमच्या संगणक खोलीचे फोटो मी इथे टाकतो आणि तुम्ही कौतुक करता, हे ठाऊक आहेच.

आज काही पोरांच्या आया ती खोली बघायला आल्या. सातवीची पोरं चपला बाहेर काढून संगणकांसमोर बसली. मी ऐटीत म्हणालो, "चला, करा सुरू."

सगळ्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, माना माझ्याकडे वळवल्या आणि पोरं हसली. कोणीच काही दाबेना.

एका आईनं लेकीला विचारलं, "काऊन थांबली वं? नाव लिहून दाखव ना मले."

पोरगी तसंच हसत म्हणाली, "थांब ना माय, सरनं फोटो नाई काढला अजून."

तेव्हा कळलं, मी मेन स्विचच चालू केला नव्हता. फोटोसाठी तो कधी लागलाच नाही. बिघडतील म्हणून मी पोरांना फोटो सोडून एरवी संगणकाला हातच लावू दिला नाही.

आत्ता जुने फोटो पुन्हा पाहिले. एकातही स्क्रीन चालू नाही. मला लाज नव्हती, पण तुमच्यापैकी एकालाही ते दिसलं नाही का हो?