दुसरी काच

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा शेडमध्ये काचेला भोकं पाडून देणाऱ्या त्या बाई मला एकदाच भेटल्या. आमच्या स्टील मिलची भट्टी बंद पडली होती. तिच्या खिडकीच्या काचेला तापमान मोजणाऱ्या तारेसाठी बारीक भोक हवं होतं, आणि काचा दोनच उरल्या होत्या.

बाईंची मशीन ड्रिलसारखी फिरत नसे. तिचं टोक डोळ्यांना दिसणार नाही इतक्या वेगानं थरथरायचं आणि पाण्यात कालवलेली खरखरीत पूड काच कणाकणानं कोरत जायची.

भोक आरपार होता होता पहिली काच तडकली.

"राहू द्या ताई," मी म्हणालो.

"न्हाई. खालून आधार कमी पडला. आता देते."

त्यांनी दुसऱ्या काचेखाली साध्या काचेचा तुकडा मेणानं चिकटवला, पदर खोचला आणि मशीन सुरू केली. ओठ घट्ट मिटलेले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

भोक पडलं. काच शाबूत होती.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

काच धुता धुता त्या म्हणाल्या, "लई वाटून राह्यली होती. पण भीतीला कुठं मशीन चालवता येते? मंग मलाच चालवावी लागली."