फातिहा कुणाच्या नावानं?

नगरच्या स्टँडवरून जामखेडची गाडी सुटली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. इतकं चांगलं गाव असतं का कुठं? अयोध्येची बातमी आली त्या डिसेंबरात जामखेडपुढच्या एका खेड्यात चार हिंदू पोरांनी तिथल्या पिराचा दर्गा जाळला, आणि उजाडायच्या आत गावातल्या हिंदूंनीच तो पुन्हा उभा केला, अशी हकिकत पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी होती. आता उन्हाळ्यात पिराचा उरूस होता. म्हटलं, हे नवल डोळ्यांनी बघून यावं.

कडा गावाच्या पुढे टायर बसला. बाभळीच्या तोकड्या सावलीत शेजारच्या प्रवाशानं आधी माझं आडनाव विचारलं, आणि मगच तंबाखू पुढे केली.

गावात माझी सोय माजी सरपंच रंगनाथ आण्णांकडे होती. जेवण होताच ते मला दर्ग्याकडे घेऊन गेले. भिंती पांढऱ्याशुभ्र, वर नवे पत्रे.

"घरटी एक मानूस हुता बघा. रातीत चुना मारला, पत्रं घातलं. लई एकी हाय आमच्यात."

"पोलीस कधी आले?"

"सकाळी."

"मग त्यांना काय दिसलं?"

"दर्गा दिसला. दुसरं काय दिसनार?" आण्णा हसले. बरोबरचे चौघेही हसले. मला हसू आलं नाही.

जळकी लाकडं, राख, रॉकेलचा डबा, सगळं त्याच रात्री पडक्या विहिरीत गेलं होतं, हे चहाच्या टपरीवर कळलं. पंचनाम्याला काही उरलंच नव्हतं. हा पश्चात्ताप की पुरावा पुसायची घाई? मला तर गावातल्या प्रत्येक हसऱ्या चेहऱ्याचा संशय यायला लागला.

मुजावर (दर्ग्याची सेवा करणारे) अमीनचाचा ओसरीत गलेफाला (कबरीवर घालायच्या चादरीला) जर शिवत बसले होते. त्यांनी गुळाचा कोरा चहा दिला.

"चुना चांगला मारलाय त्यांनी," चाचा म्हणाले. "सकाळी मी इचारलं, कोन हुतं? सगळी म्हनली, भायेरची."

"तुम्ही कुणाला ओळखलं नाही?"

"आवाज वळखतो की. माझ्या मांडीवर खेळलेली पोरं ती. पन मी नाव घेतलं तर मीच वाईट. त्यांच्यातल्या एकानं घ्यावं, मंग मला झोप यील."

दिवस कलताना ताशा वाजू लागला. पहिला गलेफ आण्णांच्या घरचा, हा तिथला जुना मान. आण्णा तो डोक्यावर घेऊन कबरीपाशी आले. मागे हिंदू घरांमधून आलेली मलिद्याची (कुस्करलेल्या चपातीत गूळ-तूप घालून केलेल्या प्रसादाची) ताटं. इथली रीत अशी की मुजावर विचारतो, कुणाच्या नावानं? आणणारा आजारी पोराचं, सासरी गेलेल्या लेकीचं नाव सांगतो, आणि मगच फातिहा (कुराणातली प्रार्थना) पढला जातो.

"कुनाच्या नावानं?" चाचांनी विचारलं.

"सगळ्या गावाच्या नावानं," आण्णा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

चाचांनी वर केलेले हात खाली घेतले. "गावाच्या नावानं फातिहा व्हत न्हाई, आण्णा. मानसाचं नाव लागतं."

ताशा थांबला. "येवढं बांधून दिलं, तरी ह्याचं हायेच," मागून कुणीतरी चिडून बोललं. आण्णा आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार, अशी माझी खात्री होती.

"इलासच्या नावानं," ते हळू म्हणाले. मग मोठ्यानं, "माझ्या पोराच्या. रॉकेल त्यानंच नेलं हुतं. बाकीच्यांचं त्यांच्या बापांनी सांगावं."

दोन-तीन जण मलिद्याची ताटं झाकून मुकाट्यानं निघून गेले. चाचांनी हात पुन्हा वर केले आणि फातिहा पढला.

सकाळच्या गाडीला आण्णा आणि विलास होते. पोरगा विशी ओलांडलेला, मान खाली घातलेला. फाट्यावरच्या एकानंही आण्णांना राम राम केला नाही. एकजण तर "घरभेदी" म्हणून थुंकला.

"कुठं, आण्णा?" कंडक्टरनं विचारलं.

"जामखेड. पोलीस ठेसन."

वकिलाशी आधीच बोलणं झालं असेल का, ही शंका मला तिथंही आली, खोटं कशाला सांगू. विचारलं तसे आण्णा म्हणाले, "चुना मारताना सगळं गाव हुतं माझ्यासंगं. आज वकील तरी कोन दिल?"

जामखेडला आण्णा उतरले आणि पायरीपाशी उभे राहिले. त्यांनी हाक मारली नाही, हात धरला नाही. बऱ्याच वेळानं विलास आपणहून उतरला.

पुण्यात आल्यावर आमच्या आळीत मी हे सगळं सांगितलं. एका रात्रीत दर्गा बांधल्याची गोष्ट सगळ्यांना फार आवडली. आण्णांची सुरू केली तसा कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला. त्या डिसेंबरात आमच्या आळीतूनही दोन पोरं दगड घेऊन गेली होती, आणि त्यांचे बाप माझ्या समोरच बसलेले होते.