आत्याचा घोरा

पक्षाघाताने आत्याची वाचा गेली, तेव्हा आम्ही तिला बेटावरून माझ्या शहरातल्या घरी आणलं. बरेच दिवस ती नुसती बघत राहिली. मग एका सकाळी, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घोड्याचं चित्र पुढे धरलं आणि आत्या म्हणाली, "घोरा."

"घोडा. जीभ वर लावा, आजी," बाई म्हणाल्या.

"घोरा."

गाडीला ती "गारी" म्हणाली, केळ्याला "केला". बाई मला हळूच म्हणाल्या, "ड आणि ळ अजून येत नाहीयेत."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "अहो, ते कधी नव्हतेच! आमच्या बेटावर सगळे असंच बोलतात. ती बरी झालीय!"

बाई क्षणभर गोंधळल्या, मग आत्याचा हात दाबून त्याही हसल्या.

शाळेनं माझे उच्चार बदलले. आत्या शाळेत गेलीच नाही. मला अजून दोन्ही बोलता येतं, पण 'गारी' म्हणायला तसंच बोलणारं माणूस लागतं. शहरात माझ्यासाठी ते माणूस म्हणजे आत्याच, अधूनमधून फोनवर भेटणारी. तिच्या आजारपणात माझ्या घरात मीही थोडी मुकी झाले होते.

हिंडूफिरू लागल्यावर तिला परत नेलं. होडीत बसताना ती होडीवाल्याला म्हणाली, "हलू ने रं."

"बस गो आते," म्हणत त्यानं दोर सोडला. ती मध्यंतरी बोलत नव्हती, हे त्याला जाणवलंसुद्धा नाही.