सदतिसावा गुण

आमच्या धंद्यात किस्से फार साचतात. शाळामास्तरांचे किस्से संध्याकाळपर्यंत घरी पोचतात, बँकवाल्यांचे पानाच्या ठेल्यावर. आमचे मात्र पोटातच राहायचे, कारण मी नागपूरला सीताबर्डीवर गुप्तरोगाच्या दवाखान्यात रक्त तपासत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. डॉक्टर देशकर वर्षानुवर्षं दम देत, 'शकू, इथलं इथंच.' आता ते नाहीत, दवाखाना नाही, आणि त्या पेशंटांची नावं मी तेव्हाच विसरले होते. इथं घातलेली नावं माझ्या मनची आहेत. बाकी सगळं घडलेलं.

माझी आई तर नातेवाइकांना मी बँकेत आहे असंच सांगायची. कुणी कुठली बँक विचारलं की तिला एकदम दूध उतू गेल्याचं आठवायचं.

*

दवाखाना होता माडीवर आणि खाली चांदमल शेठचं कापडाचं दुकान. जिना दुकानातूनच. 'त्वचा व गुप्तरोग' अशी पाटी लागली तेव्हा शेठनं थयथयाट केला. लेकीसुना लुगडी घ्यायला येतात, त्यांनी ही पाटी वाचायची का, असं त्याचं म्हणणं.

पण झालं भलतंच. येणारा प्रत्येक पेशंट आधी दुकानात शिरायचा. कुणी पाहिलं तर कापड घ्यायला आलो म्हणता यावं, म्हणून एक टॉवेल घ्यायचा आणि मग हळूच जिना चढायचा. वर बाकावर ओळीनं पुरुष बसलेले आणि प्रत्येकाच्या मांडीवर कागदात गुंडाळलेला टॉवेल. जुने पेशंट तर टॉवेल घेऊन घेऊन कंटाळले, मग ते उशांचे अभ्रे घ्यायला लागले.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी जागा बदलायचं काढलं. शेठ पेढे घेऊन वर आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाब, पाटी थोडी बडी करवा लो. मेरे खर्चे से."

*

महाल भागातला एक नवरदेव. लग्नाला जेमतेम सहा महिने झालेले. लग्नाआधीचं काहीतरी अंगाशी आलं होतं. डॉक्टरांनी त्याला समजावलं की पेनिसिलीन दोघांनाही घ्यावं लागेल. एकट्यानं घेऊन उपयोग नाही, तू बरा झालास तरी तिच्याकडून तुला परत लागेल. त्यानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी एकटाच आला.

"तिच्या वाटचंही मलेच देऊन टाका, डॉक्टरसाहेब. तिले सुईचं भेव वाटते. एका बाजूले माझं द्या, एका बाजूले तिचं."

डॉक्टर चष्मा काढून त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. ती बाळंत होईल तेव्हा कळा तू दे."

तिसऱ्या दिवशी बायको आली. आधी त्याला इंजेक्शन दिलं. तो भिंत धरधरून बाहेर आला. मग तिला दिलं. तिनं हूं की चूं केलं नाही. पदर सावरला, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चालनं होते का तुमच्यानं, का रिक्षा पाहू?"

*

हा माझा स्वतःचा. मला पाहायला एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, आईवडील, आत्या, मामा, सगळा लवाजमा. मी आलूपोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले. मुलानं मान वर केली, मला पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. पंधरवड्यापूर्वी तो आमच्या बाकावर बसलेला होता, अभ्र्यासकट!

मुलाची आई कौतुकानं सांगत होती की आमचा बाळू एकदम साधा, चहासुद्धा घेत नाही. बाळू बशीत बुडी मारता आली असती तर मारली असती अशा बेतात बसलेला. त्याचं पुढचं इंजेक्शन चुकलं होतं आणि ते चुकवून चालणारं नव्हतं. मी बशी त्याच्यासमोर ठेवताना अगदी हळू म्हटलं, "तुमचं एक राहिलंय. उद्या या."

त्या लोकांचा नकार आला. मुलगी जरा जास्तच शिकलेली वाटते, असा निरोप होता. बाळू मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन इंजेक्शन घेऊन गेला.

मी डॉक्टरांना हे हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "तू होतीस म्हणून तुला कळलं. दुसरी कुठली मुलगी असती तर तिनं अक्षता टाकून घेतल्या असत्या. तिला कुणी सांगितलं असतं?" मलाही मग हसू येईना.

*

त्यानंतर डॉक्टर पेटलेच. लग्न ठरलं की मुलगा आणि मुलगी दोघांनी रक्त तपासून घ्यायचं, हे त्यांनी डोक्यात घेतलं. महालात गणेशोत्सवात भाषण ठेवलं, मलाही बरोबर नेलं. कार्यकर्त्यांना विषय छापायची लाज वाटली, म्हणून त्यांनी नुसतं 'आरोग्यावर चार शब्द' असं लिहिलं. त्यामुळे तरुण आलेच नाहीत, पहिल्या चार रांगा म्हाताऱ्यांनी भरल्या.

डॉक्टरांनी जोरात सांगितलं, "पत्रिकेत छत्तीस गुण पाहता ना? सदतिसावा माझ्याकडे येऊन पाहा."

शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एक आजी उठल्या. "रक्तात एवढं दिसते म्हणता, तं जावई कामाचा आहे का आळशी, तेही पाहून द्या ना गा." मंडपभर हशा झाला आणि गडबडीत आरतीच सुरू झाली.

डॉक्टर हिरमुसून निघाले तेव्हा एक मुलगी आमच्यामागे आली. कुसुम तिचं नाव. खाप्याला शाळेत शिकवायची, गणपतीसाठी मामाकडे आली होती. लग्न ठरलेलं, दिवाळीनंतरचा मुहूर्त. तिनं दवाखान्याचा पत्ता विचारला. कशासाठी, असं मी विचारल्यावर म्हणाली, तिच्या मावसबहिणीची दोन बाळं पोटातच गेली. सगळे तिलाच पांढऱ्या पायाची म्हणत राहिले. नवऱ्याचं रक्त कुणी तपासलंच नाही.

*

आता कुसुमचाच किस्सा.

तिनं सासरी निरोप धाडला, आधी माझं रक्त तपासा, मग मुलाचं. झालं, आभाळ कोसळलं. होणारे सासरे नानासाहेब लाकडाचे व्यापारी, गावात मोठा मान. त्यांनी लग्न मोडायची भाषा केली. कुसुमचे वडील रडकुंडीला आले. पण नानासाहेबांनाही पोरीला खोटं पाडल्याशिवाय चैन पडेना. सोक्षमोक्ष लावायला ते एक दिवस सगळ्यांना घेऊन दवाखान्यात हजर झाले. मुलगा अरविंद, त्याची आई, कुसुम, तिचे वडील. टॉवेलबिवेल न घेता, दाणदाण जिना चढून.

वडील शेवटचं विनवत होते, "जाऊ दे ना, बाई. लग्न मोडन."

"मोडलं तं मोडलं," कुसुम म्हणाली आणि माझ्यासमोर हात धरला. 

मग अरविंदची पाळी. तो बिचारा उठलाही, पण नानासाहेबांनी त्याला खाली बसवलं. "याचं काहून? बापाचं रक्त तेच पोराचं रक्त. माझं घ्या." डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं की तसं नसतं. नानासाहेब ऐकतात कसले. त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि सिंहासनावर बसावं तसे खुर्चीत बसले. मी रक्त काढलं.

दुसऱ्या दिवशी सगळे रिपोर्टला आले. नानासाहेबांच्या हातात पेढ्यांचा डबा. कुसुमचं रक्त स्वच्छ होतं, ते डॉक्टरांनी तिला सांगितलं. मग म्हणाले, "नानासाहेब, जरा आत येता?"

"इथंच सांगा. आमच्या घरात लपवाछपवी नाही."

"आत आलात तर बरं होईल."

"सगळ्यांसमोर सांगा. समजू द्या पोरीले, कोणत्या घरात येऊन राहिली ते."

डॉक्टरांनी घाम पुसला. शब्द जुळवत म्हणाले, रक्त पुन्हा तपासावं लागेल. टेस्टमध्ये दोष दिसतो. पण लगेच घाबरायचं कारण नाही, नुकताच मलेरिया होऊन गेला असला तरी कधी कधी ही टेस्ट अशी येते.

नानासाहेबांच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. मग त्यांना एकदम वाट सापडली.

"तेच तं! मलेरियाच आहे. गेल्या महिन्यात नव्हता का झाला मले? चांगला आठवडाभर पडून होतो."

अरविंदची आई दोन्ही दिवस डोक्यावरचा पदर धरून कोपऱ्यात बसली होती. तिचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"मलेरिया मले झाला होता," ती म्हणाली. "तुम्ही तवा घरी नव्हते."

ती उठली. नवऱ्याच्या हातातला पेढ्यांचा डबा काढून घेतला आणि कुसुमच्या मांडीवर ठेवला. मग मुलाकडे वळली.

"अरविंद, बाही वर कर." आणि मला म्हणाली, "याचं झालं का माझंही घ्या वं, बाई."