गजेंद्रच्या दुकानातली जुनी झूम लेन्स

…हं, तर गजेंद्रनं लेन्स काउंटरवर अशी आदळली, जणू गिऱ्हाईक नाही, हाडवैरीच दारात आलाय. अकोल्यात त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान. समोर बाळापूरचा धर्मपाल, वीस वर्षं लग्नाबारशाचे फोटो काढणारा. त्याची झूम लेन्स परवा मांडवात पडून फुटली. उरली एक साधी. तिच्यात अख्खा वर्ग मावत नाही. अन् उद्या सकाळी शाळेत दहावीचा फोटो! त्याच्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याला बसणारी स्वस्त झूम अख्ख्या बाजारात ही एकच.

धर्मपालनं तिच्यातून मोबाइलचा टॉर्च आरपार मारला. आत कापसाचे पांढरे तंतू.

"डॉक्टरच्या घरची आहे," गजेंद्र म्हणाला. "कपाटातच होती."

"डॉक्टर जिनिंगात कापूस पिंजे काय?"

"अबे, घेणं आहे का म्हशीचे दात मोजून राहिला?"

आता तंतूंनी फोटो बिघडत नाही, हे धर्मपाल जाणून होता. पण झूमची नळी आत-बाहेर होताना हवा ओढते; जिथं राबली तिथला कचरा पोटात घेते. हा माणूस खोटं बोलला, एवढं त्याला कळलं, अन् डोकं तापलं. त्यानं कॅमेरा स्टँडवर चढवला, समोरच्या बियाण्याच्या दुकानाची लांबलचक पाटी टिपली. मधली अक्षरं कोरल्यासारखी. डाव्या टोकाची मात्र पाण्यात भिजल्यागत.

"तुयाच हात हालला," गजेंद्र खेकसला.

"स्टँडले हात असते काय?"

मग धर्मपालनं कॅमेराच उलटा टांगला, डोकं खाली पाय वर, अन् तीच पाटी पुन्हा टिपली. आता डावी अक्षरं साफ, उजवी भिजलेली. खोट पाटीत असती तर जागेवर राहिली असती. ती लेन्सबरोबर फिरली. म्हणजे आतली काच तिरपी झालेली. कधीतरी चांगली आपटलेली.

"पडेल माल इकून राहिला तू!"

"शंभर फोटोग्राफर इथून माल घेऊन गेले, कोनी बोंबललं नाही!" गजेंद्रचा आवाज चढला. "लोकं मधातलं पायतात. कोपऱ्यात कोन पायते बे?"

उद्याचा फोटो डोळ्यांपुढं असूनही धर्मपालनं लेन्स काढली अन् त्याच्याकडं सरकवली.

"मधात हेडमास्तर बसते, गजेंद्रभाऊ; पोरं कोपऱ्यातच उभे रायतात. अर्धा-अर्धा वर्ग उभा करून मी दोन फोटो काढीन, पन हे लेन्स तुयापाशीच ठेव."