आई, हॉर्न वाजवते गं!

चार्जिंग होत नाही म्हणून कुणी गाडी घेऊन दुकानात आलं की मी आधी हॉर्न दाबते. मीटर नंतर. हॉर्नचा घसा बसलेला असला की बॅटरी उपाशी आहे हे कळतं. ॲक्सिलेटर पिळल्यावर घसा मोकळा झाला तर इंजिनातलं वीज बनवणारं मॅग्नेट थोडंफार खायला घालून राहिलंय, नाहीच झाला तर पुढं शोधायचं. पण दाबायच्या आधी मी आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडते, “आई, हॉर्न वाजवते गं!” आतून “हाव, वाजव” आलं की मगच अंगठा. नांदेडातली पोरं हसतात. परवा एकजण म्हणाला, “ताई, हॉर्नला परमिशन लागते काय?” मी म्हटलं, “माझ्या दुकानात लागते. घाई असली तर समोरच्याकडं जा.” माझं तोंड असंच आहे. बापाकडून दोनच गोष्टी आल्या, एक वीज आणि दुसरा राग.

बाप लातुरात फिजिक्सचे सर होते. भूकंपानंतरची ती वर्षं. अर्धं शहर तडकलेल्या भिंती लिंपून राहिलं होतं आणि अर्धं शहर त्याच भिंतींवर क्लासच्या पाट्या लावून राहिलं होतं. बिलोली, माहूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं यायची आणि आमच्या गल्लीत मिळेल त्या खोलीत चौघं-पाचजण कोंबून राहायची. माडीवर पोरं, पत्र्याच्या शेडमध्ये पोरं. गावाकडचे बाप हात जोडून सरांना म्हणायचे, “पोरगं तुमच्या हाताखाली दिलं, आता तुम्हीच बघा.” मला तेव्हा हसू यायचं. हाताखाली आम्हीही होतो की.

त्यांना घरातही आम्ही सरच म्हणायचो. मला ओहमचा नियम त्यांनीच शिकवला, फळ्यावर कमी आणि गालावर जास्त. सर्किट काढताना रेघ वाकडी गेली तर पट्टी आडवी न मारता उभी मारायचे, धारेनं. त्यांची स्वतःची रेघ मात्र कधी वाकडी गेली नाही. पोरं म्हणायची, सरांचं सर्किट म्हणजे छापल्यासारखं.

आईला मारायला त्यांना कारण लागायचं नाही. संध्याकाळची बॅच सुटली की दिवसभर पोरांसमोर गिळलेला सगळा संताप ते घरी घेऊन यायचे. आईची वेणी कमरेखाली जायची. ती मनगटाला गुंडाळायची, ओढत दारापर्यंत न्यायचं आणि डोकं चौकटीवर. स्वयंपाकघराच्या चौकटीला, आईच्या कपाळाच्या उंचीवर, तेलाचा काळा डाग पडला होता. मी राखेनं घासायची, तो पुन्हा पडायचा.

पण ती आग आल्याआल्याच असायची. पहिला भडका ओसरला, पोटात चार घास गेले की माणूस थंड व्हायचा, पेपर उघडून बसायचा. म्हणून आमचं सगळं हॉर्नवर चालायचं. गल्लीच्या तोंडाशी पोरं घोळका करून उभी असायची. त्यांनी बाजूला व्हावं म्हणून सर मोटरसायकलवरून लांबलचक हॉर्न द्यायचे. तो ऐकला की आई हातातलं टाकायची, वेणीचा घट्ट अंबाडा घालायची आणि मागच्या दारानं शेजारच्या काकूंकडं जायची. अंबाडा का, तर चुकून गाठलंच तर मुठीत यायला नको. मी पान वाढायची. सर विचारायचे, “तुझी आई कुठं उलथली?” मी म्हणायची, “काकूंकडं विरजण आणायला.” आमच्या घरात रोज विरजण लागायचं.

दसऱ्याला सरांनी गाडीला रंग मारून घेतला. चेसिस, टाकी, सगळं काळंभोर. आणि त्यानंतर हॉर्न बसत गेला. आधी घोगरा, मग म्हातारं माणूस खोकल्यासारखा, मग नुसता टिक. ज्या दिवशी टिक झाला त्या दिवशी आई चुलीसमोर मोकळ्या वेणीनं बसली होती. इंजिनाच्या आवाजावरून ओळखावं तर गल्लीत दिवसभर गाड्या. दारात उभे राहिले तेव्हाच कळलं. मी मधे पडले तर मला भिंतीवर भिरकावलं. आईचा ओठ उभा फाटला. तिचा दात मला दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यामागं सापडला. मी तो हातात घेऊन बसले आणि देवाशपथ सांगते, मला रडू आलं नाही. मला गाडी दुरुस्त करायची होती.

सरांनी बॅटरी बदलली. नवी बॅटरीही आठवड्यात झोपली. ते बॅटरीवाल्याला शिव्या घालत राहिले. गाडी पुसायचं आणि सकाळी फाटकाबाहेर काढून द्यायचं काम माझंच होतं, त्यामुळं रविवारी दुपारी ते जेवून घोरायला लागले की गाडी माझी. नाक्यावर वायरिंगचं काम करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडून दोन तारांचा बल्ब मागून आणला. ते म्हणाले, “पैले अर्थ देख बेटी. आधे बिगाड अर्थ केच रहते.”

मी कसली ऐकते! गाडी ढकलत गल्लीबाहेरच्या चिंचेपर्यंत नेली, म्हणजे सरांना इंजिन ऐकू जायला नको, आणि आधी मॅग्नेटच्या तारांना बल्ब लावला. किक मारली, बल्ब लख्ख. म्हणजे गाडी वीज बनवून राहिली होती. पण बॅटरीवर सरांच्या मीटरचा काटा बारा व्होल्टच्या वर सरकेना. म्हणजे वीज बनते आणि वाटेत मरते. वाटेत एकच वस्तू, सीटखालचा रेग्युलेटर. तो वाईट म्हणावा तर मग एकदम दसऱ्यानंतरच कसा? तेव्हा डोक्यात उजेड पडला. रंगाऱ्यानं रेग्युलेटर काढून खाली रंग मारला होता आणि वाळल्यावर वरून बोल्ट आवळला होता. रेग्युलेटरच्या अंगाला गाडीचं लोखंड लागायला पाहिजे, तेच त्याचं अर्थिंग, चाचांचा अर्थ. इथं मधे रंगाचा थर. दिसायला चकचकीत आणि आतून सगळं तुटलेलं, अगदी आमच्या घरासारखं. मी पॉलिश पेपरनं रंग खरवडून उघडं लोखंड काढलं, बोल्ट आवळला, किक मारली. काटा चौदावर गेला. मी हॉर्न दाबला तेव्हा चिंचेवरचे बगळे उडाले.

हिवाळा नीट गेला. आईच्या ओठाला खपली धरली, पडली, पांढरी रेघ राहिली.

मग एका संध्याकाळी पुन्हा हॉर्न आला नाही. सर थेट दारात. त्या दिवशी त्यांनी आईला चौकटीवर नाही, पाटावरवंट्यावर आपटलं. तिच्या हाताचं हाड सरकलं. मला वाटलं, पुन्हा रेग्युलेटर. रविवारी बसले. बल्ब लख्ख, काटा चौदावर, दिवा झगझगीत. मग हॉर्न का मुका? दिव्याखाली हात घातला. हॉर्नची तार काढलेली होती. तुटलेली नव्हे, काढलेली. टोकाला काळी टेप, एकही सुरकुती नाही, छापल्यासारखी.

त्यांना कळलं होतं. हॉर्न वाजला की घर रिकामं होतं हे त्या माणसाच्या लक्षात आलं होतं, आणि त्यानं बसून, शांतपणे, टेप गुंडाळून आमचा तेवढा आवाजही काढून घेतला होता. रागात मारतो म्हणून आई आजवर त्याला माफ करायची. “डोकं फिरतं वं त्यांचं,” म्हणायची. डोकं फिरलेला माणूस टेप अशी गुंडाळतो? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांची तार मी तशीच ठेवली, म्हणजे संशय नको. बॅटरीपासून हॉर्नला माझी वेगळी तार नेली, किल्लीला वळसा घालून. हॉर्नची दुसरी तार हँडलच्या मानेपाशी आणून टोक सोललं, असं की हँडल उजवीकडं पुरतं वळलं तरच ते लोखंडाला टेकेल. रस्त्यावर कुणी हँडल एवढं वळवत नाही. स्टँडवर ते डावीकडं पडतं. आमचं फाटक मात्र इतकं अरुंद की आत घ्यायला उजवीकडं पूर्ण पिळावंच लागायचं. सकाळी बाहेर मीच काढायची. मला फक्त अंबाडा घालण्याएवढा वेळ पाहिजे होता, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला फाटकात हॉर्न किंचाळला. सर दचकले, गाडी हातातून सुटली, आडवी झाली, आणि हँडल उजवीकडंच अडकलं. हॉर्न थांबेना. त्यांनी किल्ली काढली तरी थांबेना. लाथा घातल्या, दगड घेऊन दिवा फोडला, तरी थांबेना. बॅटरी भरलेली होती, मीच भरली होती. आई अंबाडा घालत मागच्या दाराशी पोचली होती, तिथंच त्यांनी तिला गाठलं, अंबाडा उसकटला, वेणी मनगटाला गुंडाळली आणि फरफटत अंगणात आणलं. “कुणी केलं हे? बोल!”

मी म्हटलं, “मी केलं.”

एक गोष्ट माझ्या ध्यानात नव्हती. भूकंपापासून लातुरात साधं भांडं पडलं तरी माणसं घराबाहेर पळायची. इथं तर हॉर्न बोंबलत होता. अख्खी गल्ली बाहेर आली. माडीवरची पोरं बनियनवर, कुणाच्या तोंडाला साबण, बाया लेकरं काखोटीला मारून. पुढच्या बाकावरची, रोज पाया पडणारी पोरं फाटकाला खेटून उभी. आणि अंगणात त्यांचे सर, मुठीत वेणी.

काकूंनी विचारलं, “काय वं, भूकंप झाला काय?”

आईची मान वाकडी झालेली, तोंडातून रक्त. ती म्हणाली, “हाव बाई, भूकंपच. आमच्यात रोज व्हतो. आज तुमाला कळला.”

सरांनी तिचं डोकं फाटकाच्या लोखंडाकडं खेचलं. मी भिंतीशी पडलेला बोल्ट आवळायचा मोठा पाना उचलला आणि त्यांच्या मनगटावर घातला. सगळी ताकद लावून. हाड मोडल्याचं हॉर्नमध्येही ऐकू आलं. बोटं एकेक करून उघडली. मी तार ओढली, हॉर्न थांबला. एवढी माणसं होती, पण मनगट धरून खाली बसलेल्या सरांना उठवायला एकही पोरगं आत आलं नाही.

सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी नांदेडला मामाकडं आलो. हे दुकान मामाचं होतं, आता माझं आहे. आईनं आल्याआल्या केस कानापर्यंत कापून टाकले, पुन्हा वाढवले नाहीत.

एकदा घाईत मी न सांगता हॉर्न दाबला. आत गेले तर आई उभी होती, हातातली वाटी खाली पडलेली, आणि दोन्ही हात मानेमागं, नसलेल्या केसांचा अंबाडा घालून राहिले होते.