पगाराची खातरजमा

आधीच्या भाडेकरूने तोंडाला पाने पुसली, तेव्हापासून पुतण्याने शिलाईवाल्या काकूंना बजावून ठेवलं होतं, "गोड बोलण्यावर जाऊ नकोस. पगाराची खात्री केल्याशिवाय वरच्या खोलीची किल्ली कुणाला द्यायची नाही."

छापखान्यात पुस्तकं बांधणारी ती बाई खोली बघायला आली, तेव्हा काकूंना आवडली. हाताला खळीचा वास, बोलणं मोजकं. दाराची कडी आतून नीट बसते का, हे तिने दोनदा पाहिलं. पगाराच्या पावतीची झेरॉक्स आणि बँकेचं पासबुक ठेवून जाताना एवढंच म्हणाली, "काकू, छापखान्यात मात्र फोन करू नका."

"का गं?"

"नका करू. एवढं ऐका माझं."

झालं! कुठेतरी पाणी मुरतंय, असं काकूंच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी मशीनवर बसल्या, तर टीप वाकडी जायला लागली. शेवटी पावतीवरचा नंबर लावलाच.

फोन घेणारा अगदी अदबीने बोलला. पगार बरोबर आहे, कामाला चोख आहे. काकूंना हायसं वाटलं. मग त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "खोली कुठे म्हणालात?" काकूंनी पत्ता दिला, वर कुठल्या गल्लीत वळायचं तेही समजावलं.

संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आत काही आली नाही.

"फोन माझ्या दिराने घेतला. तिथला हिशेब तोच बघतो. मी नवऱ्याचं घर सोडतेय, हे कुणालाच माहीत नव्हतं."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी फक्त पगार खरा आहे का, एवढंच…"

"खरा होता ना?"

"हो."

"मग पासबुक द्या माझं. काम मी दुसऱ्या छापखान्यात शोधेन. त्यांना पत्ता कळला, आता ही खोली माझ्या काय कामाची?"

'आधी सांगायचंस ना,' हे काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिने सांगितलंच होतं की! परक्या माणसाला जेवढं सांगता येतं, तेवढं. काकूंना तिच्याकडे मान वर करून बघवेना. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल माझ्याबरोबर."

मागच्या गल्लीने काकू तिला आपल्या एका जुन्या मैत्रिणीकडे घेऊन गेल्या. शिवणाच्या वर्गापासूनची मैत्री. तिच्या घरामागे एक खोली रिकामी होती. मैत्रिणीने काकूंना बाजूला घेतलं. "बाई बरी दिसते. पण पगाराची चौकशी केलीस ना?"

काकूंचे कान तापले. "केली. तू करू नकोस. काही झालं तर मी आहे."

बाईने ते ऐकलं. किल्ली घेताना तिने मैत्रिणीचे आभार मानले. काकूंना काही म्हणाली नाही.

दोन दिवसांनी तिचा नवरा आणि दीर विचारत आले. "नाही दिली बाबा तिला खोली," काकू म्हणाल्या. ते खोटंही नव्हतं.

पुढे मैत्रीण अधूनमधून बोलवायची, "ये की चहाला! ती पण असते घरी." काकू दरवेळी कुणाचा तरी ब्लाउज अडलाय म्हणून सांगायच्या.